इमारतीआधी अंगण

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्या शिक्षणपद्धतीला ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण रूप दिले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेले. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचविली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी वाड्यांनाही पक्की इमारत हवीच. परंतु बालकांना जवळ घेणाऱ्या प्रभू येशूचे अनुयायी म्हणून आम्हांस वाटते, न येणाऱ्या मुलाच्या दाराशी प्रथम आपण जावे.