आधी रसायनशास्त्र, मग फॉरेन्सिक

बारावीचा निकाल लागला की ‘फॉरेन्सिकला कुठे घ्यावी ॲडमिशन?’ हा प्रश्न आता हमखास येतो. मे २०२५ मध्ये कामठी तालुक्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर कॅम्पसची कोनशिला बसली आणि विदर्भात तर तो घरोघरी पोहोचला. मागणी खोटी नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी गेलंच पाहिजे, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. ही तरतूद लागू करायला राज्यांना दिलेली पाच वर्षांची मुदत २०२९ च्या मध्याला संपते. आज पदवीला बसणारी मुलं साधारण त्याच सुमारास बाहेर पडतील.

काळजी वाटते ती कॉलेजांच्या माहितीपत्रकांची. नार्को चाचणी, ब्रेन मॅपिंग यांचे फोटो झळकतात, पण संमतीशिवाय या चाचण्या करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सेल्वी खटल्यात ठरवून दिलंय. शवविच्छेदनाचं आकर्षण असेल तर वाट वेगळी: नीट, एमबीबीएस, मग न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. बीएस्सी फॉरेन्सिक करून तिथे जाता येत नाही.

मग हे काम असतं तरी कसं? रक्ताचे डाग असलेला एक शर्ट घ्या. तो ओला असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. म्हणून तो सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, लाखेचं सील करायचं. प्रयोगशाळेत मुद्देमाल घेणारा माणूस आधी ते सील शाबूत आहे का आणि सोबतच्या सील नमुन्याशी जुळतं का, हे बघतो. पुढे कोर्टात बचाव पक्षाचा वकील बहुतेकदा इथेच बोट ठेवतो. पाकीट पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होतं? कुणाच्या ताब्यात? सील कुणी फोडलं?

हे प्रश्न किरकोळ नाहीत. तामिळनाडूतल्या एका दुहेरी खून खटल्यात फाशी सुनावलेल्या आरोपीला जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. डीएनए पुरावा हाताळण्यातल्या त्रुटींवर त्या निकालात कडक शब्दांत बोट ठेवलंय. यापुढे नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा, तो कधी कुणाच्या ताब्यात होता याची नोंदवही ठेवावी, असे आदेशही दिलेत. एका माणसाचा जीव या नोंदींवर टांगलेला होता. ज्या अभ्यासक्रमात मुलांना असं पाकीट स्वतः बांधायला, सील करायला आणि मग लुटुपुटीच्या कोर्टात उलटतपासणीला उभं राहायला लावत नाहीत, तो माझ्या मते अपुरा आहे, इमारत कितीही चकचकीत असो.

कॉलेज बघायला जाल तेव्हा यंत्रांची यादी मागू नका, वापराची वही मागा. विषाचा अंश शोधणारं जीसी-एमएस यंत्र अनेक ठिकाणी दाखवतात. शेवटच्या वर्षाच्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, ‘ब्लँक कधी चालवलास?’ म्हणजे नमुन्याआधी नुसतं द्रावक सोडून बघणं. त्यात काही दिसलं, तर आधीच्या नमुन्याचा अंश यंत्रात राहिलेला असू शकतो. तो काढल्याशिवाय पुढच्या निकालाला अर्थ नाही. मुलगा गोंधळला, तर यंत्र मुलांच्या हाती येत नाही असं समजा. वैज्ञानिक सहायक असो की सहायक रासायनिक विश्लेषक, सरकारी प्रयोगशाळेत रोजचं काम हेच आहे, आणि त्यासाठी रसायनशास्त्र पक्कं लागतं. पोलिसांच्या तोंडी आजही ‘सीए रिपोर्ट’ असतो, म्हणजे केमिकल ॲनालायझरचाच.

म्हणून परभणी-यवतमाळच्या एखाद्या मुलीला मी सांगेन, लाखोंची फी भरून तीन वर्षांच्या चमकदार पदवीमागे धावू नकोस. गावाजवळच्या चांगल्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी कर, प्रॅक्टिकल एकही चुकवू नकोस. त्यानंतर एमएस्सी फॉरेन्सिकला छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विद्यापीठाचा गांधीनगर किंवा गोव्याचा कॅम्पसही आहे. पुढे मन बदललंच, तर औषध कंपन्यांच्या आणि अन्न तपासणीच्या प्रयोगशाळांत हीच रसायनशास्त्राची पदवी चालते.