यंत्राचे कुलूप आणि शेतकऱ्याचा हक्क

वडसा (देसाईगंज) हा वैनगंगाकाठचा धानाचा मुलूख होय. येथे चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडतात व मोडलेला भाग गावच्या फिटरकडून दुरुस्त करून घेतात. रोवणीच्या ऐन दिवसांत यंत्र उभे राहिल्यास पऱ्हे जून होतात व उत्पन्न घटते.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. अशा इंजिनांत इंधनपुरवठ्याचे नियंत्रण बहुधा संगणकाकडे असते. त्याच्या सॉफ्टवेअरला कंपनीने कुलूप घातले, तर पान्हा हाती असूनही फिटर निरुपाय होतो.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असे कुलूप उघडण्यास बंदी केली. शेतकऱ्यांच्या तक्रारीनंतर २०१५ मध्ये मालकांना ट्रॅक्टर-दुरुस्तीपुरती सूट मिळाली. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले ६५-अ हे कलम सौम्य आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे तेवढेच त्यात गुन्हा ठरते.

मग असे कायदे रद्द करावेत काय? बियाण्याचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरेल. वैनगंगेपलीकडील नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ या धानातील वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ वाण तयार केले. विकत घेतलेल्या बियाण्यात निवड करण्यास त्यांना मोकळीक होती, म्हणूनच हे घडले. पुढे पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याने पैदासकाराला हक्क दिला. तथापि बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व बिगरछापाचे बियाणे विकण्याचा शेतकऱ्याचा हक्कही कायम ठेवला.

यंत्रांबाबत हाच मार्ग योग्य होय. सॉफ्टवेअरची नक्कल करून विकण्यास मनाई असावी. परंतु मालकाने दुरुस्ती वा सुधारणा करण्यावरील बंदी काढून टाकावी. केवळ एवढ्यानेही भागणार नाही. कुलूप उघडणे गुन्हा नसला तरी किल्ली कंपनीकडेच राहते. म्हणून सुटे भाग, माहितीपुस्तिका व दोष शोधण्याचे साधन योग्य किमतीस देण्याचे बंधन कायद्यात हवे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी नेमलेल्या समितीच्या विषयांत शेतीयंत्रेही होती.

शेतकरी बंधूंनी ट्रॅक्टर घेण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात :

(१) सुटे भाग वडशास मिळतील काय?
(२) बाहेरच्या फिटरने काम केल्यास हमी रद्द होते काय?
(३) दोष शोधण्याचे साधन कोणाकडे आहे?

धूरनियंत्रण व सुरक्षेची साधने मात्र काढू नयेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी हे प्रश्न खरीपापूर्वीच्या सभांत समजावून द्यावेत.