इंटर्नला नुसते स्टिकर लावायला बसवू नका



आज माझ्याच दुकानातली एक चूक सांगतो. कॉलेजच्या एका मॅडमचा फोन आला. "टी.वाय.बी.कॉम.चा मुलगा आहे, ऐकू येत नाही. महिनाभर इंटर्नशिप द्याल का?" मी हो म्हटलं. पण मनात एकच, हा गिऱ्हाइकाशी बोलणार कसा? म्हणून त्याला मागे गोडाऊनमध्ये किमतीचे स्टिकर लावायला बसवलं. महिना संपला, मी सर्टिफिकेट दिलं. संध्याकाळी त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज. "सर, बायोडाटात काय शिकलो म्हणून लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याला परत बोलावलं, या वेळी स्टायपेंड ठरवून, आणि बिलिंगला बसवलं. खरं सांगू का, बदल फार थोडे करावे लागले. रक्कम गिऱ्हाइकाला दिसेल असा स्क्रीन फिरवला. पाटी लावली: 'मला ऐकू येत नाही, दाखवा किंवा लिहा.' अडचण आली ती भलतीकडेच! पैसे जमा झाल्याचं यूपीआयचा साउंडबॉक्स बोलून सांगतो, ते त्याला कळणार कसं? पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक पेमेंट न होताच माल घेऊन गेलं. 340 रुपये. मग ॲप उघडा ठेवून एक मोबाईल काउंटरवरच ठेवला. एंट्री दिसल्याशिवाय पिशवी हातात द्यायची नाही.

मुंबईत ध्रुव लाक्रा यांनी मिरॅकल कुरियर्स सुरू केली, कर्णबधिर मुलामुलींना घेऊन. पत्ता वाचायचा, पाकीट द्यायचं, सही घ्यायची. बोलणं कमीच लागतं. त्यांनी काम विचार करून निवडलं. तुम्हीही तुमच्या धंद्यातल्या कामांची यादी करा. कुठल्या कामाला ऐकणं खरंच लागतं, कुठल्याला चालणं, कुठल्याला बघणं? ऑनलाइन ऑर्डर सांभाळायला जिने चढावे लागत नाहीत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि सरकारी नोकरीत किमान 4 टक्के आरक्षण. आपल्या छोट्या दुकानाला असा कोटा नाही, म्हणून आपण विषयच सोडून देतो. पण 4 माणसं कामाला असली तरी रीतसर ॲप्रेंटिस घेता येतो. केंद्राच्या एनएपीएस योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार उचलतं. त्यासाठी आधी पोर्टलवर नोंदणी करायची. तोंडी ठरवलेली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत.

आणि पहिल्या दिवशी त्या मुलालाच विचारा, मॅडमना किंवा आईवडिलांना नको, "तुला काय काय लागेल?" साउंडबॉक्सचं तो तेव्हाच सांगणार होता. मी विचारलंच नव्हतं.