पेटी येते म्हणजे पियानो येतो?

"पेटी येते ना? मग कीबोर्डात वेगळं काय शिकायचंय? पट्ट्या त्याच की!"

बेलापुरात (प्रवरेकाठच्या, नवी मुंबईच्या नव्हे) हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ते पुरं होण्याआधीच कपाळावर आठी चढते. सप्ताहाच्या मांडवात ऐकलं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडून ऐकलं, रविवारी उपासना संपल्यावर चर्चबाहेरही ऐकलं. त्याची दुसरी बाजूही आहे. पोराला पियानोच्या परीक्षेला बसवायचं असतं आणि वडील श्रीरामपुरातून हजार-दोन हजारांचा खेळण्यातला कीबोर्ड आणतात. कारण तेच: काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, म्हणजे झालं.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. सुरांची मांडणी तीच आहे. पेटीवर काळी एकला सा धरून भूप वाजवणाऱ्याला पियानोवर सूर शोधावे लागत नाहीत. पण सूर सापडणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. पट्टी कुठे आहे हे डोळ्यांना कळतं. ती दाबल्यावर आत काय हलतं, ते बोटांना शिकावं लागतं, आणि ते प्रत्येक वाद्यात वेगळं आहे.

पेटीची पट्टी म्हणजे झडप उघडणारी दांडी. पट्टी दाबली की झडप उचलते, भात्याने कोंडलेली हवा पितळी सुरावरून जाते आणि सूर बोलतो. बोट उचललं की स्प्रिंग झडप बंद करते. बस. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, झडप पुरती उघडल्यावर आवाज तेवढाच. आवाज लहान-मोठा करणारा हात दुसरा आहे, भात्यावरचा. पेटीवाल्याची खरी कमाई तिथे असते. समेवर किंचित जोर, गायक खाली आला की हवा आवरती, ओळ संपताना सूर विरत नेणं, हे सगळं डाव्या हाताचं काम. उजव्या हाताकडे सुरांची निवड आणि जोडणी. आधीची पट्टी सुटायच्या आत पुढची उघडायची, म्हणजे मधे फट पडत नाही. मुरकी, खटका, कणसूर सगळे त्या जोडणीवर उभे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, तेव्हाचे मुख्य आक्षेप मींड आणि श्रुतींवरून होते. पट्टी झडप उघडते किंवा मिटते, दोन सुरांमधली जागा तिच्या हातात नाही. बंदी योग्य होती असं मला वाटत नाही, पण आक्षेप घेणाऱ्यांना पेटीची यंत्रणा नीट कळली होती, एवढं श्रेय त्यांना द्यावं लागेल.

सूर निवडणारा हात एक आणि जोर देणारा दुसरा, ही वाटणी आपल्या ओळखीच्या बऱ्याच वाद्यांत आहे. मिरवणुकीतल्या बेंजोवर डावा हात टाइपरायटरसारखी बटणं दाबतो आणि उजव्या हातातली नखी तारा छेडते. बटण कितीही जोरात दाबलं तरी आवाज नखीचाच. अकॉर्डियनच्या पट्ट्या तर हुबेहूब पियानोच्या, पण पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं वादन आठवून पाहा, त्यातले चढउतार भात्याचे आहेत. आपले कान आणि हात या वाटणीवर पोसले आहेत.

पियानोत ही वाटणीच नाही. तिथे एकच बोट सूरही निवडतं आणि त्याचा आवाजही ठरवतं. इथे भल्याभल्या पेटीवाल्यांची गाडी अडते.

पियानोची पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या प्रवासात ती तरफांच्या साखळीतून नमद्याचा एक हातोडा तारांकडे भिरकावते. हातोड्याचा वेग पट्टीच्या साधारण पाचपट होतो. महत्त्वाचं पुढे आहे. हातोडा तारेपासून दोन-एक मिलिमीटरवर असताना पट्टीशी त्याचा संबंध तुटतो. उरलेलं अंतर तो स्वतःच्या गतीने जातो, तारेवर आदळतो आणि मागे येतो. मचाणावरून गोफण फिरवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: दोरी सुटली की धोंड्यावर तुमची सत्ता संपली. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास केलेला मूळ शोध हाच. हातोडा सुटला नाही, तर तो तारेला चिकटून राहील आणि सूर गुदमरेल. पुढे १८२१ मध्ये पॅरिसच्या एरार कंपनीने पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा वाजवता येईल अशी यंत्रणा काढली. आजच्या ग्रँड पियानोत तिचेच वंशज आहेत.

म्हणून पियानोवर सगळा खेळ पट्टी किती वेगाने खाली गेली याचा. खाली गेल्यावर ती कितीही दाबून धरा, आवाज वाढत नाही. पट्टी उचलेपर्यंत सूर चालू राहतो, पण पेटीसारखा भरलेला राहत नाही, विझतच जातो. आणि अगदी सावकाश, चोरपावलांनी पट्टी दाबली तर सूर येतच नाही, कारण हातोडा तारेपर्यंत पोहोचतच नाही. ही शेवटची गोष्ट पेटीवाल्याला सांगा, तो तुमच्याकडे संशयाने बघेल.

आता हाच माणूस पियानोवर बसवा. पेटीवर त्याची प्रत्येक पट्टी वेगळ्या वेगाने दबत होती, पण त्याने बिघडत काही नव्हतं. इथे तो सगळा हिशेब उघडा पडतो: तर्जनीचा सूर ठणठणीत, अनामिकेचा अर्धमेला, करंगळीचा गायब. अंगठा पेटीवर फारसा वापरलेलाच नाही. डाव्या हाताने तर वर्षानुवर्षं भाता मारला, सूर वाजवायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. "पियानोची पट्टी खराब आहे" असा निकाल यानंतर येतो. उलट पियानो शिकलेली मुलं पेटीला हात लावतात तेव्हा पट्ट्या आपटतात. आवाज त्याने वाढत नाही, लाकडाची टकटक तेवढी माइकमध्ये जाते, आणि ऐन सुरावर भाता थांबतो. दोघंही चांगले वादक असतात. हात दुसऱ्या वाद्यासाठी तयार झालेले असतात, एवढंच.

मग कीबोर्ड कुठे बसतो? कुठेही. हेच तर कुणी ऐकून घेत नाही. 'कीबोर्ड' हे एका वाद्याचं नाव नाहीच.

अगदी स्वस्त कीबोर्डात पट्टी म्हणजे विजेचं बटण: दाबलं की सूर, आवाज ठरलेला. भाता नाही आणि हातोडाही नाही, म्हणजे पेटीची कला गेली आणि पियानोचीही. त्यावरच्या कीबोर्डात 'टच रिस्पॉन्स' असतो. पट्टीखाली रबराचे दोन संपर्कबिंदू असतात, एक आधी जुळतो आणि दुसरा नंतर. त्या दोहोंमधला, सेकंदाच्या हजारांशात मोजावा लागणारा वेळ मोजून यंत्र पट्टीचा वेग काढतं. हा वेग मिडी भाषेत, जी १९८३ पासून सगळ्या कंपन्यांनी स्वीकारली, १ ते १२७ मधला एक आकडा होतो. जोर मोजणारं काही आत नसतं. यंत्रही वेगच मोजतं, पियानोसारखा.

आकडा बरोबर निघाला तरी बोटाला काय जाणवतं हा प्रश्न उरतोच. साध्या कीबोर्डात पट्टी वर ढकलायला स्प्रिंग असते. जितकी खोल जाल तितकी ती जास्त रेटते, मग तुम्ही हळू जा किंवा जोरात. खऱ्या पियानोत विरोध असतो तो पट्टी आणि हातोड्याच्या वजनाचा. हळू दाबली तर पट्टी सहज जाते; झटक्याने दाबली तर सुरुवातीलाच अडते, कारण वजनाला एकदम वेग घ्यायचा असतो. हातोडा सुटला की बोटाला ते कळतं. वेगावर ताबा बसतो तो याच जाणिवेतून. म्हणून चांगल्या डिजिटल पियानोत तार नसली तरी हातोड्याएवढं वजन आत हलवतात, आणि खर्जाकडे ते जास्त, तारसप्तकाकडे कमी ठेवतात, जसं खऱ्या पियानोत असतं. दुकानदार त्याला 'ग्रेडेड हॅमर' म्हणतो. खोक्यावर 'सेमी-वेटेड' लिहिलं असेल तर मुख्यतः स्प्रिंगच आहे, जोडीला थोडंसं वजन. आणि ८८ पट्ट्या मोजून खूश होऊ नका. ८८ पट्ट्यांचे स्प्रिंगवाले कीबोर्डही मिळतात.

म्हणजे हलक्या पट्ट्या वाईट का? अजिबात नाही, आणि हा दुसरा गैरसमज शहरातून आपल्याकडे येतो. ऑर्गनचा किंवा पेटीचा सूर लावून भजनाला साथ करायची असेल, तर जड हातोड्यांच्या पट्ट्या गैरसोयीच्या. मुरक्या अडखळतात, बोट सरकत नाही. तिथे स्प्रिंगचा हलका कीबोर्डच हवा, 'टच' बंद करून. त्या आवाजांना बोटाच्या वेगाशी देणंघेणं नसतं. चर्चमध्येही हेच. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. मराठी ख्रिस्ती गीतं रचणारे रेव्हरंड टिळक राहुरीला राहून गेले. इथल्या चर्चमधल्या गाण्याला पेटी-ऑर्गनच्या भरल्या सुराची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिथला कीबोर्डवाला 'टच' बंद ठेवतो म्हणून त्याला अडाणी म्हणणारे स्वतः ऑर्गनला कधी बसलेले नसतात. फक्त एक पायडल घ्या, आवाज कमीजास्त करणारं. भात्याचं काम पायाकडे जातं आणि पेटीवाल्याची निम्मी कला परत मिळते.

असेच आणखी काही समज. "जड पट्ट्यांनी बोटं बळकट होतात." पियानोची पट्टी खाली न्यायला साधारण पन्नास ग्रॅम पुरतात, लहान लिंबाएवढं वजन. ताकद नव्हे, ताबा लागतो. शोपँला हलक्या पट्ट्यांचे प्लेयेल पियानो प्रिय होते. बोटांना वजनं, रबर, यंत्रं बांधून सराव करणाऱ्यांनी आधी रॉबर्ट शूमानच्या उजव्या हाताचं काय झालं ते वाचावं. कारणाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण बोटं तयार करण्याचं यंत्र तो वापरत होता आणि वादक म्हणून त्याची कारकीर्द संपली, यात वाद नाही.

"एकाच आवाजातला सूर मऊ बोटाने गोड लागतो आणि कडक बोटाने कर्कश." भौतिकशास्त्र सांगतं की हातोड्याचा वेग तोच तर तारेचा सूरही तोच. पियानोवादक हे शंभर वर्षं नाकारत आले. दोघंही थोडे बरोबर निघाले. वेर्नर गोबल, रोबेर्तो ब्रेसिन आणि इचिरो फुजिनागा यांनी २०१४ मध्ये अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रयोग छापले. हातोड्याचा वेग सारखा ठेवूनही दाबलेला आणि आपटलेला सूर वादकांना ओळखता आला. पण बोट पट्टीवर आदळल्याचा बारीक आवाज काढून टाकल्यावर ओळखता येईना. फरक होता तो लाकडावरच्या त्या टकटकीचा.

"मुलांचे हात लहान, पट्ट्याही लहान घ्या." पियानोचं सप्तक साडेसोळा सेंटिमीटरचं, खेळण्यातल्या लहान पट्ट्यांवर बसलेलं अंतर तिथे चुकतं. पण अरुंद पट्ट्या म्हणजे थट्टा नव्हे: योसेफ हॉफमनसारख्या दिग्गजाने स्टाइनवेकडून मुद्दाम अरुंद पट्ट्यांचे पियानो करून घेतले होते.

"परीक्षा सगळ्या सारख्याच." नाहीत. ट्रिनिटीत पियानो वेगळा, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वेगळा. पेटीसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाचा मार्ग वेगळाच. पोराला कुठे बसवायचंय ते ठरवा, मग पाकीट काढा.

दुकानात गेलात तर डेमोची गाणी बंद करायला सांगा. पियानोचा आवाज लावा, एकच पट्टी हळू, मग वेगाने दाबा. आवाजात फरक नसेल तर 'टच' बंद आहे का ते विचारा. चालू असूनही फरक नसेल तर ते पियानोचं वाद्य नव्हे. मग एक पट्टी अर्धवट वर येऊ देऊन भरभर पुन्हा वाजवा. बऱ्याच वाद्यांत इथे सूर गळतात, तिसरा संपर्कबिंदू असलेल्यांत सहसा गळत नाहीत. शेवटी सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पट्टी आळीपाळीने दाबून वजन बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

घरी जुना कीबोर्ड असेल, त्यातला एखादाच सूर अचानक कानठळ्या बसवत असेल किंवा मुका झाला असेल, आणि कुणी "बोर्ड गेला, नवा घ्या" म्हणत असेल, तर थांबा. उसाच्या गाड्यांच्या रस्त्यालगतच्या घरात धूळ पट्ट्यांच्या फटीतून रबराच्या त्या दोन संपर्कांवर जाऊन बसते. वेळ मोजायचं गणित चुकतं आणि यंत्राला वाटतं, पट्टी विजेच्या वेगाने आली. माहीतगाराकडून पट्ट्या उतरवून संपर्क पुसून घ्या. बहुतेकदा तेवढ्याने भागतं, आणि पुढच्या वेळी वाजवून झाल्यावर वर एक फडकं टाकत जा.