घारापुरीचे खांब, ग्लॉस्टरशायरमध्ये

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. इंग्लंडात सुटीच्या दिवसांत ते मोटारीच्या पाठीवर दिसते. निजण्याची सोय, शेगडी, कपाट, सारे सामावणारे हे चाकांवरचे घर म्हणजे कॅराव्हॅन. ते गावाजवळच्या तळावर ठेवावे आणि मोकळ्या मोटारीने दिवसभर हिंडून यावे, अशी तेथील रीत. धाकट्या भावाच्या कुटुंबासमवेत मॉर्टन-इन-मार्श येथे असाच तळ दिला असता, जवळचे सेझिनकोट पाहण्याचा योग आला.

इंग्रजी कुरणे, जुनी झाडे, आणि त्यांच्याआडून एकाएकी दिसणारा तांब्याचा हिरवट घुमट! ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत धन मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास हा वाडा बांधविला. आराखडा त्याचा वास्तुकार भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याचा. वाड्याचे वर्णन येथेच आवरतो, कारण मन गुंतले ते उद्यानात.

उद्यानातील वास्तूंची कल्पना चित्रकार थॉमस डॅनियलची. पुतण्या विल्यमसह तो १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानात चित्रे काढीत हिंडला होता. घारापुरीच्या लेण्यांचीही चित्रे त्याने केली. उताराच्या माथ्यावर लहानसे देऊळ, त्यात सूर्याची मूर्ती. तेथून निघालेला ओढा झाडाझुडपांतून खाली येतो आणि पुलाखालून वाहतो. पुलाच्या कठड्यावर नंदी बसले आहेत. ओढ्यातील दगडांवर पाऊल टाकीत पुलाखाली गेलो आणि थबकलो. ते ठेंगणे, भक्कम खांब घारापुरीच्या खांबांवरून घेतलेले आहेत.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. घारापुरीत खांब उभारून छत घातलेले नाही. आधी डोंगर होता, तो पोखरताना खांब राखून ठेवले. सेझिनकोटचे खांब मात्र रचलेले, आणि त्यांच्यावरून वाड्याकडे जाणारी वाट जाते. तेथे शिवाचे मंदिर, येथे पुलाची शोभा. मी ख्रिस्ती; ती मूर्ती काही माझ्या उपासनेची नव्हे. तरी कुणाच्या देवघरातील वस्तू दिवाणखान्यात मांडलेली पाहावी, तसा संकोच वाटला. रचना मोहक आहे, हेही नाकारता येईना.

पुतणीने विचारले, “काका, हे आपल्याकडचं का?”

मी म्हणालो, “नमुना आपल्याकडचा, काम इथलं. आणि पैसा पुष्कळसा तिकडूनच आलेला.”

ती क्षणभर खांबाला हात लावून उभी राहिली. मग नंदी मोजायला वर पळाली.