स्वेदन, सॉना आणि ग्राहकाचा अपेक्षाभंग

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशीमार्गे चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात स्पा, सॉना व ‘आयुर्वेदिक मसाज’ अशा पाट्या आता जागोजागी दिसतात. यंत्रासमोर उभे राहून कंबर धरलेला कामगार तेथे मोठ्या आशेने जातो. त्यांपैकी काही जण पुढे आमच्याकडे येतात ते तक्रारी घेऊनच. तेल खवट होते, ठरलेल्या वेळेआधीच उठवले, प्रकृतीची विचारपूस झाली नाही, अशा या तक्रारी असतात. पाटीवर नाव आयुर्वेदाचे असल्याने त्यांकडे आपणांस दुर्लक्ष करता येणार नाही.

एक अनुभव नमूद करतो. चाकण येथील कारखान्यातील एक मध्यमवयीन पर्यवेक्षक कटिशूलासाठी आमच्याकडे आले होते. आम्ही औषधे दिली व चिठ्ठीवर ‘स्नेहन, स्वेदन’ एवढेच लिहिले. रात्रपाळी संपवून, उपाशीपोटी ते घराजवळच्या एका स्पामध्ये गेले. सॉनामध्ये वीस मिनिटे बसून उठताच त्यांना भोवळ आली. रक्तदाबासाठी ते मूत्रल औषध घेत होते. स्पामध्ये त्यांना कोणी काही विचारले नाही, हे खरे. परंतु त्या औषधाची नोंद आमच्याच केसपेपरवर होती. “डॉक्टर, तुमच्या आयुर्वेदानेच चक्कर आली,” हे त्यांचे शब्द आम्हांस आजही बोचतात.

सॉना ही मूळची फिनलंडची परंपरा असून २०२० मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सॉनातील हवा बहुधा ८० ते १०० अंश सेल्सिअस तप्त, पण कोरडी असते. बाष्पस्नानात तापमान पुष्कळ कमी, परंतु हवा बाष्पाने भरलेली असते. आपल्या बाष्पपेटीत शिर बाहेर राहते. या तिन्ही गोष्टी ग्राहकाला एकच वाटतात. चिकित्सकाला तशा वाटता कामा नयेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेद सॉनाला सर्वांत जवळचा. त्यातही अभ्यंगानंतर प्रवेश करावा, बाहेर येताच एकाएकी शीतोदकाचा स्पर्श करू नये, मुहूर्तभराने संताप व क्लम शमल्यावर कोमट जलाने स्नान करावे व मग भोजन घ्यावे, असा क्रम आहे. स्पामध्ये मात्र सॉनातून उठताच थंड पाण्याखाली उभे केले जाते. स्वेदन कधी थांबवावे, हे शीत व शूल शमणे, स्तंभ व गौरव जाणे, मार्दव येणे व घाम सुटणे या लक्षणांवरून ठरते; पॅकेजच्या मिनिटांवरून नव्हे. शिवाय श्रांत, तृषित व क्षुधित व्यक्तींना तेथे स्वेद निषिद्ध सांगितला आहे. रात्रपाळीहून थेट आलेला कामगार या तिन्हींत बसतो!

यास्तव वैद्यबंधुभगिनींना व फार्मसीचालकांना पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

१. चिठ्ठीवर स्वेदनाचा प्रकार, स्थान, थांबविण्याची लक्षणे व पश्चात्कर्म स्पष्ट लिहावे.

२. निद्रा, आहार, मद्यपान, गर्भावस्था, मधुमेह, हृद्रोग व चालू औषधे यांची विचारणा प्रत्येक वेळी करावी. पूर्वीच्या नोंदीवर विसंबू नये.

३. फार्मसीचालकांनी केंद्रांना सुटे तेल न देता घटकद्रव्ये, बॅच क्रमांक व मुदत छापलेली मोहोरबंद बाटली द्यावी. ती रुग्णासमोर उघडावी आणि एकाचे वापरलेले तेल दुसऱ्यास लावू नये.

४. शुल्क, कालावधी व अपेक्षित लाभ आधीच सांगावेत. एका बैठकीत जुना कटिशूल जाईल, असे आश्वासन देऊ नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सशुल्क सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहकास दोन वर्षांच्या आत आयोगाकडे दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयाने सशुल्क वैद्यकीय सेवाही ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली आहे. तथापि कायद्याच्या भीतीपेक्षा रुग्णाचा विश्वास मोठा. उपर्युक्त रुग्णांना आम्ही आमची चूक सांगितली. पुढे विश्रांती व आहारानंतर, आमच्या देखरेखीखाली केवळ कटिप्रदेशी मृदु नाडीस्वेद दिला. त्यांना उपशय मिळाला. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर ‘स्वेदन’ हा शब्द एकटा लिहिला जात नाही.