सावकाश वाचावयाची पुस्तके

पुस्तक हाती घेतले म्हणजे ते संपवावयाचे, अशी सुशिक्षित मनाला सवय जडलेली असते. परीक्षेचे पुस्तक, कचेरीतील कागद, सकाळचे वर्तमानपत्र ही भराभर वाचली तरी चालते. किंबहुना ती तशीच वाचावी लागतात. परंतु प्रार्थनेविषयीचे पुस्तक त्याच वेगाने वाचले, तर शेवटचे पान उलटल्यावर हाती काय उरावे? फार तर माहिती उरेल. प्रार्थना उरणार नाही. ख्रिस्ती धर्मपरंपरेत प्रार्थना, श्रद्धा आणि संथ जीवन यांवर शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले. त्यांतील उत्तम ग्रंथांचा पहिला उपदेश हाच, की वाचकाने थांबावे.

हा उपदेश मराठीत कसा उतरला, हे पाहण्यास खानदेशातूनच आरंभ करता येतो. सन १९०७ मध्ये जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुणाला तेथे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्याच संमेलनास रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. पुढे बालकवी काही काळ टिळकांच्या अहमदनगरच्या घरी कुटुंबातल्यासारखे राहिले. कवितेची आवड हा या दोघांमधील दुवा होता. टिळकांच्या अंगी मात्र तिच्या जोडीला भक्तीही होती.

टिळकांचे धर्मांतर हे सावकाश वाचनाचेच उदाहरण आहे. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. ग्रंथ खुणा करीत पुरता वाचावयाचा, असा टिळकांचा निश्चय होता. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले आणि तेथेच खिळून राहिले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. धावत्या गाडीत मिळालेल्या पुस्तकाने वाचकाला थांबविले. ज्या प्रवचनापाशी ते थांबले, त्यातच फार बडबड करून प्रार्थना करू नये, असे येशूने बजावले आहे. लगेच शिकविलेली प्रभूची प्रार्थना अवघ्या काही ओळींची आहे. तिच्यात भाकर मागितली आहे, तीही एका दिवसापुरती. वर्षाचा साठा मागणाऱ्या मनाला हे थोडे अवघडच वाटते. पण श्रद्धेचा पहिला धडा तोच आहे.

थांबून वाचण्याची ही रीत युरोपातील मठांतून पद्धतशीर शिकविली जात असे. बाराव्या शतकातील गीगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. आपल्याकडील श्रवण, मनन आणि निदिध्यास यांच्याशी ही शिडी ताडून पाहावी. दोन्हीकडे वाचणे वा ऐकणे ही केवळ पहिली पायरी आहे. जुन्या करारातील दीडशे स्तोत्रांत ‘सेला’ हा शब्द ७१ वेळा येतो. गाणाऱ्याने येथे विसावा घ्यावा, असा त्याचा अर्थ अनेक पंडित लावतात.

येथे एक आक्षेप सहज निघतो. मठातील संन्याशाला पुष्कळ सवड. ज्याला नऊच्या गाडीने नोकरीवर जावयाचे आहे किंवा जिला दहा माणसांचा स्वयंपाक उरकावयाचा आहे, त्यांनी थांबावे कोठे? या आक्षेपाचे उत्तर सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स या फ्रेंच साधूच्या चरित्रात सापडते. पॅरिसमधील कार्मेलाइट मठात तो अनेक वर्षे स्वयंपाकघरात राबला आणि पुढे वहाणा दुरुस्त करीत असे. सन १६९१ मध्ये तो वारल्यानंतर त्याची पत्रे व संभाषणे एकत्र करून एक लहानसे पुस्तक निघाले. ईश्वराचे सान्निध्य भांडी घासताना जितके, तितकेच प्रार्थनामंदिरात लाभू शकते, हे त्याचे सार आहे. संथपणा म्हणजे काम टाकणे नव्हे. हातचे काम करताना पुढच्या दहा कामांची तगमग टाकणे होय.

मराठीला ही गोष्ट नवी नव्हती. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरी जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांच्या मुखातून ओव्या निघत. हात दळीत असे आणि मन चिंतन करीत असे. ओवीची चालच अशी, की तिला घाई सोसत नाही. हे मर्म फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तीन शतकांपूर्वीच ओळखले होते. गोव्यातील राचोल येथे सन १६१६ मध्ये छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. टिळकांनीही इंग्रजी भजनांच्या चाली बाजूस ठेवून आपली ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अभंग एकट्याने डोळ्यांनी वाचून संपत नाही. तो म्हणावा लागतो, आळवावा लागतो. प्रार्थनेच्या पुस्तकाला याहून योग्य छंद कोणता असणार?

परंतु श्रद्धेची वाट संथ असते, याची खरी साक्ष टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाई टिळकांनी दिली. पतीच्या धर्मांतराने त्यांच्या संसाराचे दोन तुकडे झाले. कित्येक वर्षे त्या विभक्त राहिल्या. ख्रिस्ती झाल्या, त्याही कोणाच्या आग्रहाने नव्हे, तर आपल्या मनाची जातिभेदाविषयीची एकेक गाठ स्वतः सोडवून. सन १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी हे सारे हसतखेळत सांगितले आहे. पण त्या हसण्यामागे किती वर्षांची वेदना आहे, हे वाचकाला उमगल्यावाचून राहत नाही.

पुढचे दिवसही सोपे नव्हते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. सुमारे वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले. येशूचे चरित्र ओव्यांत गाण्यासाठी आरंभिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अकराव्या अध्यायाच्या आसपास अपुरे राहिले. ज्या श्रद्धेने एके काळी आपला संसार मोडला, तिचेच काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि शाळेचे शिक्षण नसताना पुढचे चौसष्ट अध्याय रचिले. सन १९३६ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ सन १९३८ मध्ये निघाला. छापलेली प्रत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. फळ पाहावयास न मिळताही काम चालू ठेवणे, हीच श्रद्धेची व्याख्या असेल, तर ती येथे शब्दांवाचून सांगितली गेली आहे.

या वाचनाला पंथाची सीमा नाही. धुळ्याच्या तुरुंगात सन १९३२ मध्ये विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आठवड्यास एक अध्याय, मध्ये सहा दिवस मननाला! याच विनोबांनी पुढे नव्या करारातील वेचे निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. एका परंपरेत सावकाश वाचावयास शिकलेला मनुष्य दुसऱ्या परंपरेचा ग्रंथही आदराने वाचतो.

तेव्हा अशा पुस्तकांचे काय करावे? दिवसाकाठी एखादा अभंग किंवा एखादा परिच्छेद पुरे. तो मोठ्याने वाचावा. जे वाक्य मनाला बोचेल किंवा धीर देईल, तेथे पुस्तक मिटावे आणि ते वाक्य बरोबर घेऊन कामाला लागावे. संध्याकाळी त्याची आठवण राहिली, तर सकाळचे वाचन सार्थकी लागले. न राहिली, तर उद्या तेच पान पुन्हा उघडावे. पुस्तक संपविण्याची कोणालाही घाई नाही.